उजवीकडचं ठेवलं

किटवर उमटलेली दुसरी रेघ इतकी फिकट होती की मी ती आधी खिडकीशी नेऊन पाहिली, मग ट्यूबलाइटखाली धरून पाहिली आणि शेवटी नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, आहे. मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, अगं आहे, पण लाजतेय. त्या दिवशी मी एकाही बाईवर ओरडले नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण नाशिकच्या इंदिरानगरात बायकांना चारचाकी शिकवणं हा माझा धंदा आहे, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या कॉलनीला ऐकून माहीत आहे. एका बाईंनी गाडी थेट भाजीच्या हातगाडीवर नेली, तरी मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून गोड आवाजात म्हणाले, काही हरकत नाही, होतं असं.

लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं. पाळी चुकली होती, सकाळी मळमळत होतं, जीन्सचं बटण लागेनासं झालं होतं. एवढा पुरावा असल्यावर कोण कशाला शंका घेईल? डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं, पण घोटीला सासूबाईंना फोन मात्र त्याच दुपारी गेला. सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्यांच्याकडची तीच पद्धत. फोन ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या एसटीने दारात हजर. हातात पिशवी, पिशवीत घरचा तांदूळ, नारळ आणि हिरवं खणाचं कापड.

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात. बातमी गावभर व्हायच्या आधी, घरातल्या घरात दार लावून, सुनेला हिरवी चोळी द्यायची आणि तिची ओटी भरायची. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून सगळं गुपचूप. आता तिसरा महिना कुठला, अजून कशाचाच पत्ता नव्हता. पण आत्यांना धीर निघेना. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं, मला पाटावर बसवलं, ओटी भरली, गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. कुणाला बोलायचं नाय, असं मला बजावलं आणि परत जाताना एसटीत शेजारच्या बाईला स्वतःच सांगून मोकळ्या झाल्या. माझी आई कॉलनीतच दोन गल्ल्या सोडून राहते. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. माझ्या लग्नात मानपानाच्या साड्यांवरून ह्या दोघींचं जे बिनसलं होतं, ते बिनसलेलंच होतं. पण खरं सांगते, त्या दिवशी आईही खूश होती. येता-जाता मला बसायला सांगत होती.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर माझ्याच वयाची असेल. पोटावर तो गार चिकट पदार्थ लावून यंत्र फिरवताना ती गप्पा मारत होती, गाडी शिकायला किती दिवस लागतात वगैरे. मग यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरायला लागलं. तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. मी पडल्या पडल्या विचारलं, ठोके ऐकू येतील का? ते म्हणाले, गर्भाशय रिकामं आहे, बाळ नाही, डाव्या अंडाशयावर मोठी गाठ आहे.

मी चक्क भांडले. म्हटलं, मग दोन रेघा कशा आल्या? जणू त्यांनीच मला किट विकलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की काही गाठी तेच संप्रेरक तयार करतात जे गरोदरपणात तयार होतं, त्यामुळे किट फसतं. किट फसलं, मी फसले, आत्या फसल्या. बाहेर आल्यावर नवऱ्याने गाडीची किल्ली मागितली आणि मी ती दिली. त्याआधी मी त्याला माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नव्हता.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, स्कॅन झालं आणि कॅन्सरचा संशय आहे हे कागदावर आलं. पहिल्यांदा ज्या सर्जनकडे गेलो त्यांच्यासमोर आम्ही बसलो न बसलो तोच ते म्हणाले, पोट उघडलंच आहे तर सगळं काढून टाकू, दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, मागे कटकट नको. कटकट हाच शब्द. आई लगेच म्हणाली, हो हो, काढा, शिर सलामत तर पगडी पचास. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. नवरा मागून धावत आला. मी पार्किंगमध्ये उभी राहून रडले, आणि रडता रडता माझ्याच लक्षात आलं की मी मरणाला घाबरून रडत नव्हते. मला राग आला होता. माझ्या पोटातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं हे अडगळीच्या खोलीसारखं ठरवून टाकलं होतं, आणि मला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांचं नाव मला माझ्याच एका शिकाऊ बाईने सांगितलं. त्या देवळाली कॅम्पात राहतात, नवरा फौजेत. त्यांच्या बहिणीचं असंच काहीसं झालं होतं. क्लच अर्धवट दाबलेला ठेवून त्या म्हणाल्या, मॅडम, हल्ली सगळं काढत नाहीत, विचारून तरी बघा. त्या क्षणी मला इतका हुरूप आला की मी त्यांना भर रस्त्यात, मागे हॉर्न वाजत असताना, तिथल्या तिथे फोन नंबर काढायला लावला.

ह्या डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या बाई, बायकांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या. बोलणं तुटक, पण टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवून त्यांनी पेनाने चित्र काढायला सुरुवात केली आणि मला जाणवलं, हे माझ्यासाठी काढतायत, आईसाठी नाही, नवऱ्यासाठी नाही. मध्ये गर्भाशय, दोन्हीकडे नळ्या, नळ्यांच्या टोकाशी अंडाशयं. डावीकडच्यावर त्यांनी फुली मारली.

"तपासण्यांवरून वाटतंय त्या जातीची गाठ असेल, तर ती तुझ्या वयाच्या मुलींमध्ये होते आणि बहुधा एकाच बाजूला होते," त्या म्हणाल्या. "डावं अंडाशय आणि त्याची नळी काढू. आतून सगळीकडे बघू, नमुने घेऊ. गर्भाशय आणि उजवीकडचं चांगलं दिसलं, तर त्यांना हात लावणार नाही."

मी विचारलं, चांगलं दिसलं तर, म्हणजे? आणि नाही दिसलं तर? त्यांनी सांगितलं की ऑपरेशन चालू असतानाच काढलेला तुकडा शेजारी पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडे जातो, ते तो गोठवून लगेच बघतात आणि निरोप देतात. त्यावर पुढचं ठरतं. मग म्हणाल्या, "नाही दिसलं, तर काढावं लागेल. ते मी तुला आत्ताच विचारून ठेवतेय, कारण तेव्हा तू झोपलेली असशील."

माझा नवरा कारखान्यात मशीनवर काम करतो, मोजकं बोलतो, पण योग्य ठिकाणी बोलतो. त्याने विचारलं, हे ठेवण्याच्या नादात हिच्या जिवाला धोका वाढणार असेल तर? डॉक्टर म्हणाल्या की ह्या जातीची गाठ औषधांना दाद देते, आणि सगळं काढल्याने जीव जास्त वाचतो असं त्यांच्या पाहण्यात नाही. मात्र नंतर वर्षानुवर्षं तपासण्या कराव्या लागतील, त्यातली एकही चुकवायची नाही. आणि गाठ वेगळ्या जातीची निघाली, तर हे गणित बदलेल. त्यांनी कसलं वचन दिलं नाही. पण मी तिथून निघाले ती जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळत. ज्याची बायको कॅन्सरवाली आहे तो माणूस मागून ओरडत होता, अगं हळू, पडशील.

घरी आत्या येऊन बसल्या होत्या. आई होतीच. मी चित्र काढलेला कागद उघडून समजावून सांगायला लागले तर आईने मध्येच तोडलं. तिचं एकच पालुपद, सगळं काढ, मला तू हवीस. मला वाटलं, निदान आत्या तरी माझ्या बाजूने बोलतील, नातवंडाची आस तर त्यांना होती. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आल्यापासून त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नव्हती.

"मला नातू नको नं नात नको," त्या म्हणाल्या. "मीच उतावीळ झाले, तिसरा लागायच्या आधी चोळी आणली, त्याचं ह्ये झालं. पोर तेवढी राहू द्या. बाकी काय बी काढा."

आई उठली आणि आत्यांच्या शेजारी जाऊन बसली. लग्नापासून एकमेकींकडे सरळ न बघणाऱ्या ह्या दोघी व्याहिणी पहिल्यांदा एक झाल्या, आणि त्याही माझ्याविरुद्ध. मग माझा पारा चढला. मी म्हटलं, माझं पोट म्हणजे तुम्हा दोघींचं माजघर नाही, दिवाळीच्या आधी काय काढायचं ते ठरवायला. आत्यांना म्हटलं, चोळीनं गाठी होत नाहीत, गाठ आधीपासून होती, उलट त्या फसव्या रेघेमुळेच सोनोग्राफी लवकर झाली. आणि मग मी जे म्हणाले ते मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला मूल हवं. ती फिकट रेघ बघून मला जे झालं होतं, ते मला पुन्हा हवं होतं, खरं होऊन हवं होतं. कदाचित नाही होणार. पण त्याचा रस्ता मला आत्ताच माझ्या हाताने बंद करायचा नव्हता. आई रडायला लागली, आत्या रडायला लागल्या, आणि नवरा सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेला.

ऑपरेशनच्या सकाळी मला खरंच उत्साह होता, ह्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. परीक्षेला जाताना असतो तसा. गाडी शिकवताना माझ्या पायाखाली स्वतःचा ब्रेक असतो, शेजारची काहीही करो. इथे माझ्या बाजूला काहीच नव्हतं, आणि तरी मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हटलं, क्लच हळू सोडा हं. ते हसले. मला वाटतं माझ्या डॉक्टरबाईही मास्कमागे हसल्या. त्यांनी माझ्या उजव्या बाजूला, पोटावर, दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, बघते मी.

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि दिवे फार पांढरे होते. मी विचारलं, ठेवलं का? नर्स म्हणाली, डॉक्टर येऊन सांगतील. मी म्हटलं, मला डॉक्टर नको, नवरा पाहिजे. तो आला, वाकला. "ठेवलं," तो म्हणाला. "उजवीकडचं ठेवलं. गर्भाशय पण ठेवलं. डावं गेलं." मला हसायचं होतं पण टाके होते. मग मी झोपले आणि उठून पुन्हा विचारलं, ठेवलं का? भुलीत मला आधीचं काही आठवत नव्हतं. नवरा सांगतो की मी हा प्रश्न दुपारभर विचारत होते, आणि तो प्रत्येक वेळी वाकून, जणू पहिल्यांदाच, सगळं सविस्तर सांगत होता. नर्सला शेवटी ते पाठ झालं. संध्याकाळी तो चहाला गेला असताना मी विचारलं तर तीच म्हणाली, ठेवलं, उजवीकडचं ठेवलं, गर्भाशय पण ठेवलं, झोपा आता.

गाठीचा पक्का अहवाल आला. जात तीच निघाली, डॉक्टरांनी म्हटलेली. पण पोटातून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यात काही पेशी सापडल्या, म्हणून केमो घ्यावी लागणार होती. ह्याची मी तयारी केली नव्हती. मला वाटलं होतं, ठेवलं म्हणजे जिंकलं. डॉक्टर म्हणाल्या, केमोने उरलेलं अंडाशयही झोपी जाईल. पाळी थांबेल. तुझ्या वयाच्या बहुतेक मुलींची काही महिन्यांत परत येते. तुझी कधी येईल, येईल की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. आली की समजायचं ते जागं झालं.

केमोबद्दल फार लिहीत नाही, लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. केस गेले, चव गेली, हाताच्या शिरा काळ्या पडल्या. आत्या घोटीचं घर मोठ्या सुनेवर टाकून आमच्याकडे राहिल्या. माझ्या तोंडाला नुसती तांदळाची पेज चालायची, आणि पेजेत मीठ किती ह्यावर आई आणि आत्या भांडायच्या. त्या भांडल्या की मला बरं वाटायचं. दोघी पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या, म्हणजे घरात कुणी मरणार नाही असं वाटायचं. माझ्या देवळालीच्या बाई लायसन्स मिळाल्यावर स्वतः गाडी चालवत मला भेटायला आल्या आणि आमच्या फाटकाला घासून गेल्या. मी खिडकीतून ओरडले, आरसा बघा आरसा! कितीतरी दिवसांनी माझा तो आवाज ऐकून नवरा आतून धावत आला.

केमो संपली, स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाल्या, आता गाडी चालवायला हरकत नाही. मी कामावर परतले. आणि मग सुरू झालं वाट बघणं. आत्या घोटीला परत गेल्या होत्या, पण रोज फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट, "आली का?" मी म्हणायची, नाही. मग इकडचं तिकडचं, पीक कसं आहे, जावेच्या मुलाला कशात मार्क पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आली का? जावही विचारायची. आईने तर विचारायचंही सोडून दिलं होतं, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. माझ्या आयुष्यात पाळीबद्दल कधी कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. लहानपणी दुकानातून पॅड आणायचे तर ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत मिळायचे. आणि आता दोन गावांतली पाच-सहा माणसं तिची वाट बघत होती, पाहुणा यायचा असल्यासारखी. नवऱ्याने एकदा कामावरून मेसेज केला, आली का, आणि तो चुकून कारखान्याच्या ग्रुपवर गेला. सगळ्यांना वाटलं कच्च्या मालाची गाडी. कुणीतरी उत्तर दिलं, घोटीच्या टोलला अडकलीय.

हसायचो, पण मी आतून पोखरली जात होते. महिने जात होते. प्रत्येक वेळी बाथरूमला जाताना मनात आशा आणि बाहेर येताना काही नाही. चिडचिड वाढली. एका बाईला मी ब्रेकवरून इतकं बोलले की ती रडली. मग मीच तिला उसाचा रस पाजला.

आत्यांनी ठरवलं, घोटीच्या घरी सत्यनारायण घालायचा, आजारातून उठले म्हणून, आणि जोडीने आम्हीच बसायचं. मी काही फार देवदेव करणारी नाही, पण आत्यांनी इतकी पेज पाजल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? आम्ही आदल्या दिवशीच गेलो. गाडी मी चालवली. आईही आली, मागच्या सीटवर पट्टा लावून. माझे केस तेव्हा देवळाली कॅम्पातल्या नव्या भरती झालेल्या जवानाएवढे वाढले होते आणि मला ते फार आवडायचे.

घोटीच्या घरात पाळीचा नियम कडक आहे. बाईला पाळी आली की तिने मागच्या पडवीत बसायचं, कशाला शिवायचं नाही, आणि देवाचं कार्य असेल तर तिची सावलीही पुढच्या खोलीत पडता कामा नये. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यावरून माझं आणि आत्यांचं जोरदार वाजलं होतं. शेवटी तह झाला. नाशिकला माझा कायदा, घोटीला त्यांचा. पण गेल्या कित्येक महिन्यांत ह्या तहाची गरजच पडली नव्हती.

पूजेच्या सकाळी पोटात दुखत होतं. मला वाटलं टाक्यांची ओढ, किंवा धाकधूक. अंघोळ झाली, पैठणी नेसून झाली, ओटीवर चौरंग मांडून झाला, केळीचे खांब बांधले गेले. शेजारच्या बायका आल्या होत्या, आत्या सोवळ्यात प्रसादाचा शिरा परतत होत्या. गुरुजींनी यजमानांना बोलावलं. मी म्हटलं, आले हं, आणि मागे बाथरूमला गेले.

तिथे मी किती वेळ नुसती बघत उभी होते कोण जाणे. रक्त होतं. थोडंसं, पण लाल, खरं, ह्यात कसली फिकट रेघ नव्हती. पहिला विचार आला तो तिथला, घोटीचा. लपव, बस जाऊन पूजेला, कुणाला कळणार आहे? मी स्वतः तर हे विटाळ-बिटाळ मानतच नाही. पण ही गोष्ट लपवायची कशी? ह्याच गोष्टीसाठी तर सगळे श्वास रोखून बसले होते. मी दार उघडलं आणि ओरडले, "आत्या!"

जाव काठी घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला. मागून आई. तिच्यामागून आत्या, हातात उलथनं तसंच. मी पडवीत उभी राहून म्हणाले, "आली."

आई तिथेच खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. जावेने काठी भिंतीला टेकवली आणि पुढच्या खोलीत जाऊन, पुढे सगळे पुरुष बसलेले असताना, गुरुजींसमोर, मोठ्याने सांगितलं की धाकटीला पाळी आली. मग पुढून जो गलका उठला तो मला पडवीत ऐकू आला. बायका टाळ्या वाजवत होत्या. माझा नवरा पीतांबर सावरत पळत आला, पडवीच्या दारात थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि दाराच्या चौकटीवर कपाळ टेकून राहिला.

आत्यांनी पटापट हुकूम सोडले. मोठा मुलगा आणि मोठी सून जोडीने बसतील. शिऱ्याकडे शेजारीण बघेल. धाकट्याने पुढे जाऊन नमस्कार करायचा. मला वाटलं, आता माझ्यासाठी गोधडी टाकायला सांगतील आणि त्या पुढे जातील. घोटीचा कायदा, मी कबूल केलेला. गोधडी आलीही. मी पैठणीसकट तिच्यावर बसले. आत्या उंबऱ्याच्या पलीकडे, सोवळ्यात, उभ्याच होत्या. पुढून गुरुजींनी हाक मारली, आजी, चला, संकल्प सोडायचाय, तुमच्याशिवाय कसं?

आत्यांनी उलथनं आईच्या हातात दिलं. उंबरा ओलांडला आणि माझ्या शेजारी गोधडीवर बसकण मारली. माझी मांडी त्यांच्या मांडीला लागली.

मी म्हटलं, "आत्या, शिवाल."

"शिवले," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडल्या, "तुम्ही चालू द्या गुरुजी! मी नाय येत. मी सुनेपाशी हाय."

पुढे मंत्र सुरू झाले. माझ्या पोटात कळ आली, जुनी, ओळखीची, कंबरेतून पुढे येणारी. मी ओठ आवळले. आत्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा हात माझ्या पोटावर, उजवीकडे, आला.

"लय दुखतं का गं?"

"लय दुखतंय, आत्या."

"दुखू दे," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या हसत होत्या. "दुखू दे, बाई."